हरीशसाहेबांची बाजू

इद्रीसने रेडिओचा आवाज वाढवला तसा मागच्या सीटवरचा प्रसन्न एका कानातला इअरफोन काढून म्हणाला, "काका, प्लीज. मीटिंग चालू आहे."

इद्रीसने रेडिओ बंद केला. पण जे ऐकायचं ते ऐकून झालं होतं. उर्दू बातम्या देणारी बाई सांगत होती की ब्रिटन आखातात आणखी लढाऊ विमानं धाडणार आहे आणि जोडीला ड्रोन पाडणारी पथकंही. कुवेत शहराबाहेरचा जहऱ्याचा रस्ता समोर सरळ पडला होता, दोन्ही अंगांना नुसती वाळू. इद्रीसला मात्र भांडणाची खुमखुमी आली होती आणि भांडायला गाडीत कोणी नव्हतं.

कंपनीची गाडी चालवण्यात त्याची उमर गेली होती. त्यातली वीसेक वर्षं शेजारच्या सीटवर हरीशसाहेब असायचे. हरीशसाहेब म्हणजे कंपनीचे अकाउंटंट, मूळचे साताऱ्याचे. सकाळी त्यांना रुमैथियातल्या घरून घ्यायचं, जहऱ्याच्या गोदामावर सोडायचं, संध्याकाळी उलट. साहेबांनी मागे बसायचं असा रिवाज. पण मागे बसून नीट भांडता येत नाही, म्हणून ते पुढे बसत. आणि भांडण कायम एकाच गोष्टीवरून, इंग्रजांच्या फौजेवरून. जगात कुठेही इंग्रजांचं जहाज हललं की या गाडीत ठिणगी पडलीच.

इद्रीसची बाजू त्याने डोळ्यांनी पाहिलेली होती. इराकी फौज कुवेतमध्ये शिरली तेव्हा तो पंचविशीतला. अंगावरच्या कपड्यांनिशी जॉर्डनमार्गे रत्नागिरी गाठली आणि लढाई संपल्यावर सगळ्यात आधी परतलेल्यांत तो होता. समुद्रकाठी इंग्रज सैनिक पोटावर पडून वाळूतून सुरुंग उकरताना त्याने पाहिले होते. "जीव कोनाचा जानार होता, सायेब? त्यांचाच ना?" हा त्याचा हुकमी एक्का.

हरीशसाहेब चष्मा पुसत म्हणत, "अहो इद्रीसभाय, नकाशावर रेघा कोणी ओढल्या? आधी भांडणं लावायची आणि मग राखणीला यायचं. इथे तेल नसतं तर वाळूत लोळायला कोण आलं असतं?" मग गोदाम येईपर्यंत दोघांच्या तोंडाचा पट्टा. एकदा तर साहेब दार आपटून उतरले आणि संध्याकाळी गाडीत बसल्या बसल्या सकाळचाच मुद्दा धरून पुन्हा सुरू झाले.

साहेब निवृत्त होऊन गावी गेले आणि गाडी मुकी झाली. त्यांच्या जागी प्रसन्न आला. पोरगा वाईट नव्हता, पण त्याची सगळी माणसं फोनच्या पलीकडे होती. जलीबच्या कामगारवस्तीतल्या त्याच्या खोलीतही तेच. सहा जण राहायचे, सहाही जण आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून. घरी रत्नागिरीला फोन करावा तर बायकोचं, मुनिराचं, एकच पालुपद, "बस झाला आता, परत या." इद्रीसशी बोलणारे होते, वाद घालणारं कोणी उरलं नव्हतं. त्याला एकटं वाटायचं ते याचंच, आणि हे बायकोला सांगून पटलं नसतं.

सुरुवातीला साहेबांचा फोन यायचा. हळूहळू नुसती सकाळची फुलांची चित्रं येऊ लागली. आपण उगाच फोन कशाला करायचा, म्हणून इद्रीसही गप्प बसला. आज मात्र हक्काची बातमी हाती होती. प्रसन्न कामासाठी बँकेत शिरला, तशी इद्रीसने गाडी सावलीला लावली आणि साताऱ्याला फोन जोडला.

"सायेब, ऐकलात काय? इंग्रज परत येतायत. विमानां घेऊन."

"हो का? वा."

इद्रीस थांबला. या जागी नेहमी एक "हं" यायचा आणि त्या "हं"च्या मागून तोफ.

"मी बोललो नव्हतो? अडीनडीला तेच धावतात. उद्या वरून ड्रोन पडाय लागले तर वाचवनार कोन?"

"बरोबर आहे तुमचं."

पलीकडे मिक्सर फिरत होता. साहेबांनी कोणाला तरी कोथिंबीर जास्त टाकायला सांगितली. इद्रीसला वाटलं, खेळवतायत आपल्याला. त्याने वाट पाहिली, पण काहीच आलं नाही. तेव्हा इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते त्याने केलं. साहेबांची बाजू स्वतःच उचलली.

"पन सायेब, येतात ते काय आपल्यासाठी? रेघा त्यांनीच ओढल्या ना? तेल नसता तर कोन आला असता?"

बोलता बोलता त्याला वाळूत पडलेली ती माणसं आठवली आणि आपण त्यांच्याशी बेइमानी करतोय असं वाटून लाज वाटली. तरी आशा होती. साहेब आता तरी उसळतील, "कसं! शेवटी वळलात की नाही?" असं काहीतरी म्हणतील.

"तेही खरंच आहे," हरीशसाहेब म्हणाले.

"दोन्ही कसां खरां, सायेब?"

"अहो, इथे त्या बातम्या बघतो कोण? सोसायटीत पाणी कधी येणार, लिफ्ट कधी सुरू होणार, हेच आमचं जग आता." ते हसले, सुखात असलेला माणूस हसतो तसे. "तुम्ही म्हणाल ते खरं."

"एकदा नाय बोला ना, सायेब," इद्रीस म्हणाला. "सवयीनं तरी."

"काय म्हणालात? आवाज तुटतोय."

"काय नाय."

"बरं. तब्येतीला जपा, इद्रीसभाय. काळजी घ्या."

इतकं गोड साहेब त्याच्याशी कधीच बोलले नव्हते. "तुमी पन," इद्रीस म्हणाला, आणि फोन ठेवायची घाई त्यानेच केली.