‘पण’च्या अलीकडे

मी आवाज देण्याचं काम करते. ‘कृपया प्रतीक्षा करा, आपण रांगेत आहात’ असं फोनवर सांगणारी बाई मीच. त्यामुळे मला शिव्या घालणारे पुष्कळ आहेत आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण समुद्र संग्रहालयाने माझ्या आवाजाचं जे केलं, त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून उतरलेली नाही.

त्यांच्या फिल्मची संहिता माझ्या ताईने लिहिली होती. ताईचं निम्मं आयुष्य ध्रुवाकडच्या बर्फात भोकं पाडून त्यात अडकलेली जुन्या काळची हवा शोधण्यात गेलंय. शब्दांच्या बाबतीत ती महाखट. ‘काही वर्षं समुद्र तापतो, काही वर्षं निवतो. ध्रुवाजवळचा बर्फ कधी पसरतो, कधी आकसतो. हा चढउतार निसर्गाचाच आहे आणि तो पूर्वीपासून चालत आला आहे. पण आता हा चढउतार जिच्यावर होतो ती पातळीच वर सरकत चालली आहे, आणि ती आपण सरकवतो आहोत.’ एवढ्या चार ओळींसाठी तिने मला दिवसभर स्टुडिओत कोंडून ठेवलं. ‘पण’च्या आधी चांगली थांब म्हणाली, लोकांनी तिथे कान टवकारले पाहिजेत. मी थांबले. इतकी सुरेख थांबले, की कात्री लावायला त्याहून सोयीची जागा कुणाला मिळाली नसती.

उद्घाटनाला मी आईला घेऊन गेले. ती समुद्रालगतच्या इमारतीत तळमजल्यावर एकटी राहते. मागच्या दोन्ही वादळांत पाणी तिच्या स्वयंपाकघरात शिरलं होतं. ताईने आणि मी विनवण्या करून, भांडून, अबोला धरून शेवटी तिला माझ्याकडे राहायला यायला राजी केलं होतं. खोकी बांधून तयार होती आणि रविवारी टेम्पो यायचा होता. लेकीचा आवाज मोठ्या पडद्यावर ऐकून तिला बरं वाटेल, शिवाय तिचा निर्णयही पक्का होईल, असा माझा हिशोब.

अंधारात माझा आवाज सुरू झाला. आईने माझा हात धरला. ‘...पूर्वीपासून चालत आला आहे.’ मग संगीत, मग मासे, मग आभार. मला वाटलं, फिल्म अडकली. लोक हसतमुखाने उठले. एक गृहस्थ बायकोला म्हणालेसुद्धा, बघ, उगाच घाबरवतात.

आईला घरी जायला रिक्षात बसवून मी व्यवस्थापकाला गाठलं. त्याच्या मागच्या भिंतीवर पैसे देणाऱ्या तेलकंपनीचं नाव हातभर अक्षरांत होतं. माणूस कमालीचा साळसूद. लोक सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन येतात, त्यांचा विरस कशाला करायचा, म्हणाला. आणि फिल्ममधला प्रत्येक शब्द तुमच्या बहिणीचाच आहे, एक तरी खोटा दाखवा. निर्लज्जपणे वर मला चहा विचारला. माझा आवाज काढून टाका म्हटलं, तर तो हक्क मी सही करून दिलेला होता.

ताईला फोन केला. “निसर्गाचा चढउतार शोधण्यात मी जन्म घालवला,” ती म्हणाली, “आणि त्यांनी त्याचंच पांघरूण केलं.” ती रडत होती. मला तर कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटत होतं.

आईकडे पोचले, तर ती खोक्यांच्या दोऱ्या सोडत बसली होती. डबे पुन्हा फळीवर लागले होते, सगळ्यात खालच्या फळीवर.

“आई, त्यांनी पुढचं कापलंय. पुढे ‘पण’ होतं.”

“तुझं पुढे नेहमीच पण असतं,” ती म्हणाली.

मी राहिलेलं वाक्य तिला तिथेच उभ्याने ऐकवलं. गळा माझा कमावलेला, तरी आवाज चिरकला, रागाने वर गेला. आईने हातातला डबा खाली ठेवून सगळं नीट ऐकून घेतलं.

“तिथे कशी शांतपणे, विचार करून सांगत होतीस,” ती म्हणाली. “ते पटतं माणसाला. आत्ता तू नुसती चिडली आहेस. टेम्पोवाल्याला कळव, येऊ नको म्हणावं.”