नऊ बाजा

आमच्या पिंपळीत संशय घ्यावा तर सर्जेरावतात्यानंच. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हा गडी पाणीसुदिक फुंकून पिणार!

बारामतीचा सोलरवाला अविराज तात्याच्या दारातल्या बाजंवर येऊन बसला न् त्याचं सुरू झालं, "तात्या, ही प्लेट सतरा टक्के इफिशियन्सीची, ही बावीसची. बावीसवाली महाग हाय, पण वीज जास्त."

तात्या उसवाला. टक्के म्हणलं की त्याला कारखान्यानं उसातनं दाखवलेला साखरेचा उताराच दिसतो. डोळं बारीक करून म्हणला, "शंभरातलं बावीसच? मग ऱ्हायलेलं अठ्ठ्याहत्तर ऊन कोण खातं?"

"कुणी खात न्हाय, तात्या. समद्याच प्लेटांचं आसंच आसतंय."

"समदंच चोर म्हणून तू साव व्हय रं?"

मी शेजारचा, भिंतीला टेकून ऐकत हुतो; मला हसू आलं. तात्याची बायको कुशावैनी मात्र दारातनं वर बघत उभ्या. त्यांचा जीव घरावरच्या स्लॅबात अडकलेला. उन्हाळाभर त्यांच्या कुरडया तितंच वाळत्यात, भिगवणच्या खानावळींना जात्यात. वैनींचं सोताचं म्हणावं आसं तेवढंच.

त्यांनी इचारलं, "बाबा, दोन्ही किती किलोवॉटचं?"

"तीन-तीनच, काकू."

"मग तिनात कमी न् जास्त कसं रं?"

अविराजचा चेहरा पडला. "म्हंजे... वीज जवळपास सारखीच. सतरावाल्या नऊ लागत्यात, बावीसवाल्या सात. जागा वाचती."

"बघा, कसा वकला!" तात्या उसळला. "नऊच टाक, स्वस्तातल्या!"

"एक प्लेट केवढी?" वैनींनी इचारलं.

"ह्या बाजंएवढी."

झालं! वैनींनी अर्ध्या आळीच्या बाजा गोळा केल्या. माझी मलाच वर न्यायला लावली. टाकीची सावली सोडून, अविराज दाखवंल तशा नऊ बाजा मांडल्या. स्लॅब भरला. पाय ठिवायला जागा उरली न्हाय.

वैनी कडंच्या दोन बाजांकडं गेल्या न् एकीवर ठाण मांडून बसल्या. "ह्या दोन माझ्या. तुमचा ऊस कारखाना नेतोय. माझ्या कुरडया काय तुमच्या डोसक्यावर वाळवू?"

"आगं, अंगणात घाल की."

"अंगणात कोंबड्या, न् वरनं तुमच्या ट्रॅक्टरचा धुरळा! वीस वर्सं हितं वाळवती मी. आज उठायची न्हाय."

तात्यानं बाजा परत मोजल्या. मधनं तिरका होऊन चालून बघितलं, गुडघा आपटून घेतला. मग वैनींकडं बघितलं.

"सात लिव," तो अविराजला म्हणला. "पर कागदावर हेबी लिव, वीज तेवढीच, नुसती जागा वाचती. न्हायतर उद्या गावभर सांगत फिरशील, सर्जेरावानं जास्त इजंसाठी घेतल्या म्हणून."

अविराज लिहाय लागला.

वैनी बाजंवरनंच म्हणल्या, "त्याच्या खाली लिव, वाचलेली जागा कुशाबाईची. आन् ह्यांची सही घे."

तात्यानं कागद दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली, मग सही ठोकली.