पिवळी खुर्ची

"लॉरेन, बाजूला हो. रंग लागेल."

"लागू दे."

हिरव्या रंगाचा डबा घेऊन रंगारी डुएन उभा होता आणि त्याच्यासमोर आमची सत्तरीची लॉरेन कुबियाक, वरच्या सज्ज्यातल्या पिवळ्या खुर्चीला पाठीशी घालून. बेसबॉलच्या अख्ख्या मैदानात ही एकच खुर्ची पिवळी.

"अगं, साहेबांचा हुकूम आहे. त्या खेळाडूनं काल टीव्हीवर कबूल केलं ना, ताकदीच्या सुया टोचून घेत होतो म्हणून? त्याच्या होमरनची खूण ठेवून लोकांच्या शिव्या खायच्या का?"

"सुया त्यानं घेतल्या. एमिलनं काय केलं रे?"

मी पलीकडे फडकं पिळत होतो. तिचं न‌् माझं काम एकच. तिकीट बघायचं, खुर्ची पुसायची, माणूस बसवायचा. तीस वर्षं केलं.

एमिल तिचा नवरा. ओतकामाच्या कारखान्यातला, युनियनचा कट्टर. स्वतः अकरा महिने संपावर बसलेला. चौऱ्याण्णवला खेळाडूंनी संप केला, मोसम बुडाला, तेव्हा तो भडकला. "मालक कोट्यधीश, खेळाडू लक्षाधीश, आणि येडे कोण, तर आपण!" पुन्हा मैदानाची पायरी चढणार नाही, अशी शपथच घेतली त्यानं. तसे हजारो रुसले. आम्ही रिकाम्या खुर्च्या पुसत राहिलो. लॉरेन घरी जाऊन सामना ऐकू लागली की एमिल रेडिओ बंद करायचा. नवराबायकोत बोलणं उरलं नाही.

मग हाच सुया घेणारा दांडगा फलंदाज आला आणि मैदान पुन्हा भरू लागलं. चार वर्षांनी एका रविवारी एमिलही आला, तोंड वाकडं करून. लॉरेननं त्याला सगळ्यात वरची खुर्ची पुसून दिली.

"एवढ्या उंच? देवाला भेटायला पाठवतेस का?"

पाचव्या डावात चेंडू उडाला. तो बघायला एमिल उभा राहिला आणि चेंडू त्याच्याच रिकाम्या खुर्चीवर आदळला. इतक्या लांब कुणी मारला नव्हता. खुर्ची पिवळी झाली. एमिलनं त्या खुर्चीचं मोसमभराचं तिकीट काढलं आणि पुढं आठ वर्षं दोघं मैदानावर जोडीनं आली. तो गेल्यावरही लॉरेन ते तिकीट काढतेच.

शेवटी मीच म्हणालो, "लॉरेन, एमिल असता तर?"

"त्यानं स्वतःच रंगवली असती. लबाडी खपायची नाही त्याला." तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "हे कळायच्या आत गेला, बरं झालं. चार वर्षांच्या अबोल्यानंतर मला तो माणूस परत मिळाला होता रे. तेही त्या लबाडाच्या जिवावर?"

तिनं डुएनच्या हातातला ब्रश घेतला आणि गुडघे टेकून खुर्ची रंगवली, पाठ, बैठक, हात, सगळं. एक ठिपकाही पिवळा ठेवला नाही.

दुपारी सामना सुरू झाला. माणसं तीन हजार असतील-नसतील. भोंग्यावर उपस्थिती पुकारली, अकरा हजार दोनशे चार. आमच्याकडे विकलेली तिकिटं मोजतात, आलेली माणसं नाही.

"त्यात एक माझा एमिल आहे," लॉरेन म्हणाली.

ओळीतल्या सगळ्या खुर्च्या तिनं पुसल्या. शेवटच्या खुर्चीपाशी फडकं घेऊन थांबली. रंग अजून ओला होता. आज पहिल्यांदाच तिला एमिलची खुर्ची पुसता आली नाही.