एका वेळी एकच चित्र

मित्रांनो, मी एक जुना चित्रपटाचा कॅमेरा आहे. अंगावरचे चामडे सोलवटले आहे, बटण जरा अडखळते, पण स्मरणशक्ती ठणठणीत आहे.

माझ्या मालकीणबाई मुलांसाठी मातीच्या प्राण्यांचे चित्रपट करत. मातीच्या गाढवाचा पाय त्या केसभर पुढे सरकवत, मागे होत आणि माझे बटण दाबत. एका वेळी एकच चित्र! अशी चोवीस चित्रे जमली की पडद्यावर एक सेकंद सरतो. दुपारी त्यांचे यजमान दारातून डोकावत.

"काय, कुठवर आलं गाढव?"

"पुलाच्या कडेला."

"काल तिथंच होतं ना?"

बाई हसून पुन्हा कामाला लागत. एवढा चिवटपणा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

पुलाचा प्रसंग अठरा दिवस चालला होता. चित्रपट आठवड्याभरात मुलांच्या महोत्सवाला पाठवायचा होता. एका सकाळी बाई दूध आणायला गेल्या आणि सासूबाईंनी मायेपोटी टेबल लख्ख पुसले. मधोमध उभे असलेले गाढव उचलले, झटकले आणि तोंड फिरवून ठेवले. मी सगळे पाहत होतो, पण मला ओरडता कुठे येते?

बाई परतल्या आणि गाढवाचे फिरलेले तोंड त्यांना दिसले. जागा केसभर चुकली तरी पडद्यावर गाढव उडी मारल्यासारखे दिसते. ते पुन्हा तंतोतंत त्याच जागी ठेवणे अशक्य, अठरा दिवसांचे काम नव्याने करणेही अशक्य.

"अगं, पसारा दिसला म्हणून आवरला," सासूबाई म्हणाल्या. "या मेल्या हातांना चैनच पडत नाही बघ."

बाईंनी त्या हातांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "आई, तोच हात घेऊन या. फडकंही आणा. हातानं गाढव झाकलं, की जागा चुकलेली कोण बघतंय?"

दोन दिवस सासूबाईंचा हात केसाकेसाने टेबलावर उतरत राहिला. मुंग्या आल्या, तरी त्यांनी तो ढळू दिला नाही. पडद्यावर आभाळातून फडके घेतलेला हात आला, गाढवाला पुसून, तोंड फिरवून ठेवून गेला आणि गाढव फुरंगटून तरातरा माघारी वळले. मुलांनी थिएटर डोक्यावर घेतले!

पुढे बाईंनी खूप चित्रपट केले, नाव कमावले. नवे कॅमेरे आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

सासूबाई आता नाहीत. त्यांचे फोटो आहेत, पण ते हलत नाहीत. मागच्या आठवड्यात बाईंनी त्या गाढवाचे रीळ लावले; मला कपाटाच्या काचेतून दिसत होते. हात खाली येऊ लागला तशा त्या पडद्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "आई, सावकाश."

मित्रांनो, मला विसरलात तरी चालेल. घरातल्या जुन्या रिळांना मात्र ओल लागू देऊ नका. त्यांत आपल्याच कुणाचा तरी हात अजून हलत असतो.