झाकणावरचं कुंकू

मित्रांनो, मी राखाडी रंगाची एक जुनी स्कूटर आहे. तुमच्यापैकी कुणाचे वडील पूर्वी जोगेश्वरीला पूर्वेच्या चढावर राहत असतील, तर त्यांनी मला एकदा तरी धक्का मारला असेल. एक काळ असा होता, की मला धक्का न मारलेला पुरुष आमच्या सोसायटीत शोधून सापडला नसता.

माझा जन्म साठ सालच्या आसपासचा. तेव्हा पत्रा जाड असायचा आणि माणसं बारीक असायची. पुढे हे उलटं झालं. माझे पहिले मालक एक डॉक्टर होते. सहासष्ट साली त्यांनी मला विद्याधर जोगळेकर यांच्या हवाली केलं. विद्याधरराव अंधेरीला औषधांच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते आणि त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यामुळे घरात एकाच महिन्यात दोघी आलो. एक वसुधावहिनी आणि दुसरी मी.

ती वर्षं बरी गेली. सकाळी साडेआठला विद्याधरराव यायचे, एक किक मारायचे आणि मी सुरू व्हायचे. दुसरी किक म्हणजे काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. रविवारी वहिनी मागे एका बाजूला पाय सोडून बसायच्या. एकदा आम्ही गोराईला गेलो होतो. मला चौघांनी उचलून होडीत ठेवलं, होडी कलली, आणि वहिनी इतक्या हसल्या की नावाड्याने त्यांना खाली बसवलं. विद्याधरराव पाण्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होते. माझं हँडल दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "ही आहे तोवर दुसरी गाडी नाही."

मित्रांनो, माणसं होडीत जे बोलतात त्यावर विसंबू नये.

दर दसऱ्याला वहिनी माझी पूजा करायच्या. झेंडूचा हार, हळद-कुंकू, अक्षता आणि पुढच्या दिव्यावर कुंकवाचं स्वस्तिक. ब्याऐंशी सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्या स्वस्तिकाचं कुंकू वाऱ्याने उडून विद्याधररावांच्या पांढऱ्या शर्टावर गेलं. ऑफिसात साहेबांनी विचारलं, "काय जोगळेकर, रक्तदान केलंत?" पुढच्या वर्षी विद्याधररावांनी घरात फर्मान काढलं, "कुंकू लावायचं तर दिसणार नाही असं कुठंतरी लाव. आणि उडणार नाही असं लाव."

वहिनींनी विचार केला. माझी सीट उचलली की खाली पेट्रोलच्या टाकीचं झाकण आहे. त्या म्हणाल्या, "हेच हिचं तोंड. खाते ती इथूनच." मग कुंकू उडू नये म्हणून त्यांनी ते खोबरेल तेलात घट्ट कालवलं, त्या झाकणावर बोटाने छान जाड स्वस्तिक काढलं आणि मधोमध अक्षता दाबल्या.

त्या झाकणाच्या मधोमध एक भोक असतं. सुईच्या टोकाएवढं. टाकीतून पेट्रोल खाली उतरतं, तेव्हा त्याच्या जागी हवा आत यावी म्हणून ते ठेवलेलं असतं. हवा आत आली नाही, तर पेट्रोल खाली यायचं थांबतं. तुम्ही पाण्याने भरलेल्या बाटलीत नळी घालून तिच्या वरच्या तोंडावर बोट दाबून ती उचलून बघा, पाणी नळीतच लटकून राहतं. माझं तसंच झालं. वहिनींनी मनापासून माझी पूजा केली आणि माझं नाक बंद झालं.

दिवाळीपर्यंत मी कशीबशी चालले. मग सकाळच्या किका वाढू लागल्या. पाच, दहा, पंधरा. विद्याधरराव मला डाव्या अंगावर आडवी करायचे, पुन्हा उभी करायचे, पुन्हा किक मारायचे. बूट सटकून नडगीला लागला की माझ्याकडे असे बघायचे, जणू लाथ मीच मारली होती.

वरच्या मजल्यावर शरच्चंद्र परांजपे राहत. ते बँकेत होते, आणि बँकेबाहेरच्या सगळ्या विषयांतलं त्यांना कळायचं. ते दात घासत खाली यायचे.

"विद्या, प्लग बघितलास?"

"काल साफ केलाय रे."

"मग काल घासलास तो नीट घासला नसशील. काच कागद आण."

प्लग निघायचा, घासला जायचा, परत बसायचा. मी गप्प. मग कार्बोरेटर उघडायचा, त्यात फुंकर मारायची. मी गप्प. शेवटी परांजपे म्हणायचे, "अरे, पेट्रोल तरी आहे का बघ." मग सीट उचलली जायची, झाकण उघडलं जायचं, आणि माझ्या पोटात 'फुस्स' करून हवा शिरायची. झाकण लावून किक मारली की मी लगेच सुरू.

"बघ, प्लगच होता," परांजपे म्हणायचे.

हे रोज व्हायचं. कधी श्रेय प्लगला मिळायचं, कधी फुंकरीला, कधी डाव्या अंगावर आडवं करण्याला. झाकणाला ते कधीच मिळालं नाही. तो 'फुस्स' आवाज दोघंही रोज ऐकत होते. पण दोघं शिकलेले असल्यामुळे आवाज होत असतानाही बोलत असायचे.

गॅरेजवाल्याने माझा जन्मापासूनचा कार्बोरेटर बदलला. पिस्टन बदलला. शेवटी हात पुसत म्हणाला, "साहेब, इसकी उमर हो गयी." माझ्या अंगातलं चांगलं तेवढं काढून ठेवल्यावर वयाचा दाखला देणं सोपं असतं.

पुढच्या दसऱ्याला वहिनींनी जुन्या कुंकवावर नवा थर दिला. म्हणाल्या, "बरी हो गं बाई."

त्याच आठवड्यात एक पत्र आलं. नव्या स्कूटरचा नंबर लागला होता. त्या काळी नव्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. विद्याधररावांनी माझी डिकी उघडली आणि आतलं प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. ते पाकीट मी सहा वर्षं वागवत होते. मला वाटायचं, माझीच कागदपत्रं असतील. ती नव्या गाडीच्या नोंदणीची पावती होती. मग मला तो दिवस आठवला. अठ्ठ्याहत्तर सालची एक दुपार, वाकोल्याजवळचं एक दुकान, बाहेर सावलीत उभी केलेली मी. नाव नोंदवायला त्यांना मीच घेऊन गेले होते. एका किकमध्ये सुरू होऊन.

म्हणजे माझं दुखणं सुरू होण्याच्या पाच वर्षं आधी.

मला घ्यायला धोंडू सावंत आले. ते पूर्वी गिरणीत साच्यांची, म्हणजे मागांची, देखभाल करायचे. संपानंतर त्यांनी लेण्यांच्या रस्त्याला दुरुस्तीची टपरी टाकली होती. सुटे भाग करून विकायचं, असं विद्याधररावांशी त्यांचं ठरलं होतं. मी ते ऐकत उभी होते.

धोंडूंनी किक मारली नाही. आधी सीट उचलली, झाकण फिरवलं, आणि फुस्स झाल्याबरोबर हात थांबवला. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. खिशातली टाचणी काढून कुंकवाचा खपला उचकटला आणि झाकण उजेडात धरलं.

"साहेब, हिका काय एक झाला नाय. ह्या भोक बघा. बुजला हा. हिचो जीव घुसमाटलो."

मग एक किक. मी सुरू झाले. शेवाळल्या भिंतीवरची दोन कबुतरं उडाली, इतक्या जोरात सुरू झाले.

विद्याधररावांचा हात हँडलवर आला. गोराईच्या होडीत होता, तसाच. धोंडू बघत होते. म्हणाले, "ठेवची आसली तर ठेवा. माझा काय नाय."

वर गॅलरीत वहिनी आल्या. "अहो, सुरू झाली ना? कशी काय झाली?"

मित्रांनो, आता ते काय बोलणार, यावर माझं सगळं होतं.

"अशीच," विद्याधरराव वर बघून म्हणाले. "जाता जाता झाली." मग धोंडूंना म्हणाले, "न्या हो. शब्द दिलाय तुम्हाला." आणि हात काढून घेतला.

खरं सांगितलं असतं, तर मला विकायला कारण उरलं नसतं. मला राग कुंकवाचा नाही. कुंकवाने फक्त श्वास कोंडला. 'अशीच' या शब्दाने मला म्हातारी ठरवलं.

धोंडूंनी माझे सुटे भाग केले नाहीत. "चालता जनावर कापूक माझो हात धजणा नाय," ते बायकोला, शेवंतीबाईंना म्हणाले. मी टपरीवर राबू लागले. ऑईलचे डबे, वेल्डिंगचं सामान, कधी पावाची लादी. कामात लाज नव्हती.

वर्षभराने दसरा आला. शेवंतीबाईंनी मला हार घातला, कुंकू दिव्यावर लावलं. धोंडूंचा शर्ट लाल झाला, त्यांनी तो झटकला आणि विषय संपला. त्यानंतर पंधरा दिवसांनी आम्ही जुन्या सोसायटीवरून चाललो होतो. फाटकाशी निळी नवी स्कूटर डाव्या अंगावर आडवी केलेली. परांजपे हातात काच कागद घेऊन उभे. वहिनी डबा घेऊन थांबलेल्या.

"वर्षात ही तऱ्हा," विद्याधरराव म्हणत होते. "हल्लीच्या गाड्यांत दमच नाही."

धोंडू उतरले. कुणाला न विचारता सीट उचलली, झाकण फिरवलं. फुस्स. तो उसासा मी कुठेही ओळखला असता.

"वयनी, ह्यार कुंकू लावू नको. हयसून ती श्वास घेता. जुनीचा पण ह्याच झाल्लला."

वहिनी झाकणाकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "जुनीचंही? तुम्हाला कधी कळलं?"

"नेली त्याच दिवशी. साहेबांका दाखवलंय ना."

विद्याधररावांनी घड्याळात बघितलं. परांजप्यांनी काच कागद खिशात घातला. वहिनींनी पदराची पिन काढली, ते भोक स्वतः मोकळं केलं, बोट पुसलं. मग माझ्याजवळ आल्या आणि त्याच बोटाने माझ्या दिव्यावरची धूळ पुसली. डबा विद्याधररावांच्या हातात देऊन त्या जिना चढून गेल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, गाय असेल, म्हातारं माणूस असेल, तर त्यांना हार जरूर घाला. पण हार घालण्याआधी त्यांचा श्वास कुठून चालतो, तेवढं बघून घ्या. आणि कधी तुमच्याच हातून तो कोंडला, तर 'अशीच' म्हणू नका.

मग धोंडूंनी मला किक मारली. एकच. विद्याधररावांनी मान वर केली नाही, पण ऐकलं असणार.