ढालीवरची तारीख

सत्यशीलेने मामांच्या भिंतीवरची ढाल उतरवली, पदराने तिची पितळी पट्टी पुसली, तारीख पुन्हा वाचली आणि खाटेवर बसलेल्या रंगनाथमामांकडे पाहिले.

अकोल्याच्या शाळेत रोज सकाळी फळ्यावर दिनविशेष लिहायचे काम तिचे. या दिवशी कोणता सामना जिंकला, कोणता खेळाडू जन्मला. काल एका पोरीने विचारले, "बाई, तुमचा वाढदिवस कधी?" एक जून म्हणताच वर्ग खिदळला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी आपल्या मनाने लावलेली ही तारीख घरोघरच्या आजी-आजोबांची होती. वीस वर्षे जगाचे वाढदिवस लिहिले आणि आपलाच ठाऊक नाही, हे तिला भलतेच लागले. आई एवढेच सांगे, "जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात तुझ्या मामानं शेवटची मानाची कुस्ती मारली, त्याच दिशी तू झालीस." जत्रा तिथीने येते. तारीख सापडली तर या ढालीवरच.

सापडली होती. पण ढालीमागे चिकटवलेल्या फोटोत गुलालाने माखलेल्या मामांच्या हातात हीच ढाल होती, आणि खांद्यावर झबल्यातली वर्षभराची पोर.

"मामा, ही मीच ना?"

"मंग दुसरं कोन?"

"अहो, पण मी त्याच दिवशी जन्मले ना? मग खांद्यावर कशी बसले?"

मामांनी तळहातावर तंबाखू मळायला घेतली.

"ही फुडल्या सालची," ते म्हणाले. "तू झालीस त्या साली म्या आखाड्यात उतरलोच न्हाई. तिकडं माझं नाव पुकारत हुते आन् इकडं मी आक्काला जीपमधी घालून राजूरच्या दवाखान्यात चाललो हुतो. तिच्या जिवाला लागलं आसतं, म्हनून कुस्ती जिंकूनच आलो आसं सांगितलं."

"आईला अजून माहीत नाही?"

"न्हाई."

सत्यशीलेला रडूच यायला लागले.

"मग त्या सालची ढाल?"

"माझ्यासंगं जोड लागली हुती त्या छगनकडं. न लढता मिळाली त्येला. रंग्या भिऊन पळाला, आसं आजूनबी चारचौघांत सांगतो." मामांनी तंबाखू तशीच खाली टाकली. "चाळीस वरसं झाली, त्येच्या दारात पाय ठिवला न्हाई."

"राहू द्या मामा. माझी एक जूनच बरी."

मामा उठले. खुंटीवरची टोपी झटकून त्यांनी डोक्यावर ठेवली.

"चल. तुझी तारीख त्येच्या भिंतीवर टांगल्याली हाय."