बोट डोंगरावर चढली

"हफीजाभाबी, तुजा जवळा उचल आदी! माज्या सोलांना वास लागला तर ता सार कोन पियाचा?"

"आनि तुज्या सोलांचा आंबट वारा माज्या जवळ्याला लागला तर? ता नाय बोललीस! सडा काय तुज्या सासऱ्यानं आंदण दिला तुला?"

"सडा नसल दिला. पन दगडाच्या बाजूची जागा माजी. चार सालां मी हितंच सोलां वाळवतंय."

"दगड तुजा असल गो बाय, रेंज कंपनीची हाय."

दमयंतीने सूप आपटलं आणि फणकाऱ्याने पाठ फिरवली. हफीजानेही जवळ्याचं, त्या बारीक सुकटीचं, फडकं वीतभर ओढल्यासारखं केलं आणि होतं तिथंच ठेवलं. मे महिना सुरू झाला की या दोघींचं हे भांडण ठरलेलंच. न भांडता हंगाम लागला असता तर दोघींनाही चुकल्यासारखं वाटलं असतं.

बुरोंडीच्या वरच्या अंगाला, वाडी संपून घाटी चढली की हा कातळाचा सडा लागतो. मे महिन्यात त्याच्यावर अनवाणी पाय ठेवला की तव्यावर भाकरी टाकल्यासारखा चर्र होतो. झाड नाही, झुडूप नाही. मधोमध कमरेएवढा एक काळा दगड तेवढा आहे. पूर्वी त्याच्यापाशी गुरं अंग घासायची. आता माणसं घासतात. खाली वाडीत आणि मोहल्ल्यात फोन म्हणजे नुसती विजेरी. पण या दगडाला टेकून उभं राहिलं की कुवेत येतं, मस्कत येतं, मुंबई येते. कुणाची सून इथंच रुसते, कुणाचं बाळ इथंच बापाला पहिल्यांदा दाखवलं जातं. दगडाला तोंड असतं तर गावातली निम्मी लग्नं मोडली असती.

दमयंती तिथं बसायची ती दोन कामांसाठी. एक काम सोलांचं. परसातल्या चार रातांब्यांची, म्हणजे कोकमांची, फळं फोडायची, बिया काढायच्या, मीठ घालून रस धरायचा, साली कातळावर पसरायच्या. वाळल्या की परत त्या रसात बुडवून परत उन्हात. एका दिवसाला एक पूट, अशी सात पुटं. सातव्या पुटाला साल काळीभोर होते आणि नुसती जिभेला लावली तरी डोळा मिटतो. तिच्या हातची सोलं हफीजाच्या मुलामार्फत, उमेरमार्फत, पार जेद्दापर्यंत जायची. उमेर तिकडे बंदरात ट्रक चालवायचा.

दुसरं काम समर्थचं. म्हणजे समर्थची बोट बघायचं.

समर्थ तिचा एकुलता एक, चोवीस वर्षांचा, मोठ्या मालवाहू जहाजावर खलाशी. जहाजाचं नाव एवढं लांबलचक आणि परदेशी की दमयंती नुसतं 'आपली बोट' म्हणायची. हफीजाचा नवरा रशीद तीस वर्षं जहाजावर काढून, गुडघे झिजवून घरी बसलेला. त्यानेच तिच्या फोनमध्ये तो नकाशा घालून दिला होता. निळ्या पाण्यावर हजारो बारके बाण. जाळ्यात जवळा वळवळावा तसे. त्यातला एक बाण तिचा.

"ह्यो तुजा समर्थ," रशीदने सांगितलं होतं. "तुज्या डोळ्यावर इस्वास ठेवू नको, ह्याच्यावर ठेव. ह्यो खोटा बोलत नाय."

तेव्हापासून तिने ठेवला. बाण श्रीलंकेला वळसा घालताना तिने बघितला. मधल्या समुद्रात दोन दिवस एका जागी थांबला तेव्हा ती जेवली नाही. आता बाण तांबड्या समुद्रात शिरला होता. तिथं लढाईचं सावट आहे, हे रशीदच्या तोंडून तिला कळलं होतं. रशीदने ते सांगितल्याबद्दल हफीजाने त्याला घरी चांगलंच फैलावर घेतलं होतं.

समर्थचा फोन दर गुरुवारी यायचा. या गुरुवारी आला नाही.

तिसऱ्या पुटाच्या दिवशी सकाळी दमयंतीने फोन उघडला आणि बघतच राहिली. बाण निळ्यावर नव्हता. पिवळ्यावर होता. किनारा ओलांडून चांगला आत, जिथं नकाशावर डोंगराच्या सुरकुत्या काढल्या होत्या, तिथं तो गोल गोल फिरत होता.

"हफीजाभाबी! अगो, आपली बोट जमिनीवर चढली!"

हफीजा धावली. मागोमाग गवताचा भारा घेऊन चाललेली चिमा थांबली. चिमा म्हणजे गावची फुकटची आकाशवाणी. तिने फोनात डोकावलं आणि भारा खाली टाकला.

"दमू, तुजा समर्थ आता उंटावर बसूनच येल बग. बोट डोंगरावर बांदून."

"तुज्या जिभेला हाड नाय चिमे," हफीजा म्हणाली. "जा, रशीदला वर धाड."

रशीद गुडघे धरत, दर दहा पावलांवर थांबत वर आला. फोन डोळ्यांशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"यंत्र चुकतंय. लढाईवाले काय तरी सोडतात हवेत, मंग बोटीलाच कळत नाय आपन कुठं हाव. बोट पान्यातच असनार. बोट कुठं जाते पान्याबाहेर?"

"तूच म्हनालास ना, ह्यो खोटा बोलत नाय?"

"म्हनालो..."

"मंग तवा खोटा बोललास का आता बोलतंस?"

रशीदने फोन परत केला. तीस वर्षांत वादळाला तो घाबरला नव्हता, पण या बाईच्या नजरेला त्याची नजर मिळेना.

कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडच्या बाईने हिंदीत "सब ठीक है" म्हटलं आणि ठेवला. सब ठीक असेल तर एवढ्या घाईने ठेवायचं काय कारण, हे दमयंती दिवसभर स्वतःशीच बोलत राहिली.

चौथ्या पुटाच्या दिवशी तिने पोलक्याच्या खिशात फोन घातला, हातात नारळ घेतला आणि मानाईचं देऊळ गाठलं. हफीजा बरोबर आली आणि नेहमीप्रमाणे पायरीखाली आंब्याच्या सावलीत उभी राहिली. धोंडू गुरव देवळात दिव्याची वात वळत बसला होता.

"गाऱ्हाना घालायचा हाय, धोंडूकाका. समर्थसाठी."

"घालू की. ठिकान सांग."

"ठिकान कशाला?"

"अगो, ठिकानाशिवाय गाऱ्हाना पोचनार कसा? गंगाची म्हस हरावली तवा तिनं नीट सांगितला नाय. 'सड्यावर कुठं तरी' असा घातला मी. म्हस मिळाली. पन दुसऱ्याची."

दमयंतीने फोन पुढे केला. देवळात रेंज नव्हती, नकाशा उघडला नसता, म्हणून तिने सड्यावरच त्याचा फोनात फोटो काढून आणला होता. धोंडूने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

"ह्यो डोंगर कुनाच्या हद्दीत?"

"अरबांच्या."

"मंग तिथल्या राखनदारालाबी निरोप द्याया लागल. आपली आई दुसऱ्याच्या हद्दीत न इचारता शिरायची नाय." त्याने पायरीकडे मान वळवली. "हफीजा, ता खाता तुजा."

"माजा कालच झाला," हफीजा खालून म्हणाली. "तू तुजा बग. आनि मोठ्यानं बोल, निम्मा तुज्या मिशीतच ऱ्हातो."

धोंडूने नारळ ठेवला, हात जोडले आणि घसा खाकरून आवाज चढवला.

"आई मानाये! तुज्या पांढरीतला लेकरू, समर्थ, पोटासाठी परमुलखात गेलाय. त्येची बोट चुकून डोंगरावर चढलीय..."

"व्हय म्हाराजा!" दमयंती म्हणाली. पायरीखालून हफीजाचाही ओठ हलला.

"ती बोट आलगद उतरव. घसरू देऊ नको, खरचटू देऊ नको. होती तशी पान्यात नेऊन ठेव. आनि काय चूकभूल झाली आसल तर तुज्या लेकरांची म्हनून पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

घाटी चढून आल्यावर हफीजाने रेंजच्या दगडापाशी उमेरला निरोप धाडला, बोट जेद्दाच्या बंदरात आली तर बघ म्हणून. दमयंतीला सांगितलं नाही. उगाच आशेला कशाला लावायचं.

पाचव्या पुटाच्या दिवशी बाण पिवळ्यावरही नव्हता, निळ्यावरही नव्हता. कुठंच नव्हता. नुसती इंग्रजीतली एक ओळ होती. रशीदने ती वाचली आणि म्हणाला, "शेवटचा दिसला त्याला अठरा तास झाले."

त्या दिवसापासून दमयंतीचा पाय एका जागी ठरेना. रसात साली बुडवायच्या आणि अर्ध्यात उठून दगडाकडे जायचं. परत यायचं, परत उठायचं. सालीच्या आंबटाने हात सोलून निघाले, भेगांत मीठ गेलं, तरी कळेना. सहावं पूट दिलं की नाही, हेच तिला आठवेना. सालींकडे बघितलं तर त्यांचा रंगही काही सांगेना. शेवटी तिने दिलं. सकाळी एक दिलंच होतं, हे हफीजाने बघितलं होतं. पण या वेळी टोकलं नाही.

वर आभाळ भरून यायचं आणि पडायचं नाही. घाम निथळायचा. समुद्र खाली कढईतल्या तेलासारखा गप्प.

संध्याकाळी नवऱ्याचा, धाकूचा, फोन आला. तो मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरवर होता. मागे इंजिनाची धडधड आणि कुणीतरी बर्फासाठी ओरडतंय.

"जेवलीस काय?"

"नाय."

"अगो, मी आठ आठ दिस समुद्रात असतंय. तवा तुला माजा बान कोन दाखवतो? तवा झोपायचीस ना बरी?"

दमयंतीने पसरलेली एक साल उलटी केली.

"तवा बगायला काय नव्हता," ती म्हणाली. "म्हनून झोप लागायची."

पलीकडे इंजिनाची धडधड लांब गेली. मग धाकू हळूच म्हणाला, "मनाबी लागत नाय दोन दिस. पन इथं कुनाला सांगनार?"

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी हफीजा रेंजच्या दगडाकडून पळत आली. चप्पल दगडापाशीच राहिलेली, ओढणी खांद्यावर. तिने जागा बघितली नाही, वाट बघितली नाही, थेट पसरलेल्या सोलांवरून तुडवत आली. तिचे पाय घोट्यापर्यंत तांबडे झाले.

"दमू! उमेरनं फोटू धाडलान! बंदरात येक बोट लागलीय!"

फोटोत ट्रकच्या काचेतून दिसणारी, गंजाचे ओघळ आलेली प्रचंड लोखंडी भिंत होती. भिंतीवर पांढरी अक्षरं. इंग्रजी दोघींनाही येत नव्हतं. दमयंतीने पोलक्यातून चुरगळलेला कागद काढला. जाताना समर्थने बोटीचं नाव त्याच्यावर लिहून दिलं होतं. दोघी गुडघे टेकून तापल्या कातळावर बसल्या.

"पयला घराच्या पाख्यासारखा," हफीजा म्हणाली.

"हाय. दुसरा दोन खांब, मदी तिरपी काठी."

"हाय. तिसरा पोटुशी बाय उभी ऱ्हायलीवानी."

"हाय गो हाय. पुडचा नुसता वाटोळा."

बारा अक्षरं त्यांनी अशी लावली. बारावं जुळलं तेव्हा दमयंतीने कागद तोंडावर धरला आणि हफीजाने तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. जवळा कुठं, सोलं कुठं, कुणाचंच लक्ष नव्हतं. एक कावळा निवांतपणे जवळ्यावर ताव मारत होता.

समर्थचा आवाज आला तो दिवे लागताना. रशीद, धोंडू, चिमा, सगळे दगडाभोवती. दमयंतीने फोन कानाला न लावता दगडावर ठेवला, सगळ्यांना ऐकू यावा म्हणून.

"आये, रडू नको आदी. बोटीवरचा इंटरनेट बंद ठेवलावता, म्हनून फोन नाय केला. यंत्रां सगळी येडी झालीवती. आमाला दाखवत होती की आमी डोंगरावर हाव! कॅप्टननं मंग आमाला दुर्बिनी देऊन भायेर उबा केला. दिवे बगत, किनारा बगत आनला जहाज. चार चार तास डोळा मिटला नाय. रशीदचाचाला सांग, त्यानं शिकवलेली दिव्यांची वळख कामाला आली. बोट पान्यातच होती, आये. कुठं चढली नव्हती. आता हितनं वर नाय जायाचा, कंपनी नको म्हनते. मागं फिरून आफ्रिकेला वळसा. म्हयना दीड म्हयना लागल. उमेरभाईला भेटलो गेटवर. त्यानं तुजी गेल्या सालची सोलां दिली. सार केला बोटीवर. फिलिपिनी पोरांनी वाटी चाटली."

रशीदने तोंड फिरवून चष्मा पुसला. धोंडू गुरव मात्र डोकं खाजवत राहिला.

"पान्यातच होती?"

"व्हय म्हनतो ना."

"मंग मी उतरावली ती कुनाची बोट?"

चिमा एवढी हसली की तिला कातळावर बसावं लागलं. हसता हसता दमयंतीच्याही डोळ्यांना पाणी आलं. पण ते आटलं तेव्हा तिच्या मनात आफ्रिका आली. केवढी असेल, कुणाच्या हद्दीत असेल, तिथं बाण दिसेल का, दिसला तर खरा दिसेल का.

सकाळी तिने शेवटचं पूट दिलं. हिशेबाने सातवं, खरं तर आठवं. ती सोलं पुढं एवढी आंबट निघाली की रशीदने एक चाखून अल्लाचं नाव घेतलं. पूट देऊन दमयंती दुसरा नारळ घेऊन देवळात गेली. हफीजा आंब्याखाली उभी राहिली.

"आता ठिकान काय घालू?" धोंडूने विचारलं. "आफ्रिका म्हंजे नक्की कुठली बाजू? दाखव फोनात."

दमयंतीने फोन काढला नाही.

"ठिकान नको घालू."

"अगो, मंग गंगाच्या म्हशीवानी व्हईल!"

"म्हशीला नाव नव्हता, धोंडूकाका. माज्या पोराला हाय. नाव घाल."

धोंडूने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. खालून हफीजा म्हणाली, "घाल रे मोठ्यानं. लांब जायाचा हाय त्याला."

धोंडूने नारळ उचलला.